उत्तरेकडची खिडकी

पूल मागे पडला, बेकरी मागे पडली, शाळेची लांबलचक भिंतही संपली, तरी भाऊजी थांबायचं नाव घेईनात. शेवटी वहिनींनी एका बंद दुकानाच्या पायरीवर सरळ बसकण मारली.

“खोली याच गावात आहे ना, भाऊजी?”

“आलीच आता.”

“हे तुम्ही पुलावर म्हणालात.”

“पुलावर तुमचा धीर सुटू नये म्हणून म्हणालो. आता खरोखरच जवळ आलीय.”

“माझे गुडघे आता तुमच्यावर विश्वास ठेवायला तयार नाहीत.”

भाऊजींनी मान हलवली, पण लक्ष दुसरीकडेच होतं. समोरच्या घराच्या दाराशी कुणीतरी एक झारी ठेवली होती, पत्र्याची, तोटी वाकलेली. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. वहिनींना हे नवीन नव्हतं. या माणसाबरोबर फिरायला निघायचं म्हणजे अर्धा वेळ चालायचं आणि अर्धा वेळ कुणाच्यातरी बादल्या-झाऱ्यांपाशी उभं राहायचं.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनींचे यजमान गेले तेव्हापासून ते दर रविवारी यायचे आणि दोघं नदीपर्यंत फिरून यायची. डॉक्टरांनी वहिनींना चालायला सांगितलं होतं, हे निमित्त. यायचे तेसुद्धा कसे, तर दाराशी उभं राहून घसा खाकरायचे. आत या म्हटल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. भाऊ होता तेव्हा हाच माणूस थेट स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघायचा. भाऊ गेला आणि जणू आत यायचा हक्कही त्याच्याबरोबर गेला. वहिनींना ते लागायचं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती. त्या तोंडानं फटकळ होत्या खऱ्या, पण असल्या गोष्टी त्यांच्याही ओठांवर येत नसत.

आज मात्र नदी सोडून खोली बघायला निघाली होती दोघं. भाऊजींना घर बदलायचं होतं, आणि त्याचं कारण कुणालाही सांगितलं तर हसू यावं असंच होतं. त्यांच्या खोलीला एकच खिडकी. खिडकीसमोर वर्षानुवर्षं मोकळी जागा पडलेली. त्या जागेवर इमारत उठायला लागली. एकेक मजला चढत गेला तसतसा खोलीतला उजेड आधी जमिनीवरून गेला, मग टेबलावरून गेला, आणि आता उरला होता तो फक्त कपाटाच्या माथ्यावर, हातभर.

“मग दिवा लावा की,” वहिनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या होत्या. “एवढ्यासाठी कुणी बिऱ्हाड हलवतं का?”

“दिव्याखाली सगळ्या वस्तू लग्नाच्या फोटोतल्या पाहुण्यांसारख्या दिसतात, वहिनी. सगळ्या एकसारख्या, आणि सगळ्या कंटाळलेल्या.”

तेव्हा वहिनी हसल्या होत्या. पण पुढे पुढे हसू येईना. भाऊजी रविवारी यायचे आणि गप्प चालायचे. बोटांना रंगाचे डाग दिसेनात. एकदा त्यांच्या खोलीवर गेल्या तर कुंचले वाळून काड्या झालेले, आणि हा माणूस भर दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेला. आजारी होता म्हणावं तर ताप नाही, खोकला नाही. तेव्हा त्यांना कळलं, की उजेडाबरोबर या माणसाचं दुसरंही काहीतरी खोलीतून चाललं आहे. घरी परतताना त्यांनी वाटेतच देवाला सांगितलं, बाबा रे, याला एक खिडकी बघ.

भाऊजी काही चित्रकार नव्हते. जन्मभर त्यांनी विजेची मीटरं वाचली. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, या घरातून त्या घरात. मुलं ओरडायची, “आई, मीटरवाले आले!” आणि ते थेट जिन्याखाली नाहीतर दारामागे जायचे, आकडा टिपायचे आणि निघायचे. गावातल्या निम्म्या घरांत हा माणूस जाऊन आला होता, पण बसला कुठेच नव्हता.

मीटर म्हणजे घरातल्या सगळ्यांत अडगळीच्या जागी. तिथं केरसुण्या, बादल्या, मोडक्या छत्र्या, एकट्या उरलेल्या चपला. बाया लाजून घाईघाईनं ते सामान बाजूला करायला लागायच्या, आणि भाऊजी म्हणायचे, “राहू द्या, राहू द्या, दिसतंय मला.” माणसांची नावं त्यांना आठवत नसत. “ते चुन्याच्या शिडीचं घर,” असं ते सांगायचे, “आणि त्याच्या पलीकडे ती निळ्या डब्याची बाई.” एका घरात मीटरखाली कायम बाईमाणसाच्या चपला असायच्या, टाचेला एका अंगानं झिजलेल्या. एकदा गेले तर त्या चपला नव्हत्या. पुढच्या खेपेलाही नव्हत्या. नवऱ्यानं दार उघडलं, दोघं एकमेकांकडे बघत क्षणभर उभे राहिले, मग भाऊजींनी आकडा लिहिला आणि बाहेर पडले. “मी काय बोलणार?” ते वहिनींना म्हणाले होते. “मीटर वाचायला आलेल्या माणसानं दुःखाचं विचारायचं नसतं.”

लग्नाचं राहूनच गेलं. वहिनींनी हौसेनं दोन ठिकाणी बोलणी लावली होती. एका घरी चहाला गेले, तर हा गृहस्थ सगळा वेळ समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे टक लावून बसला. मुलीनं निरोप पाठवला, त्यांना तो ग्लासच देऊन टाका, संसार सुखाचा होईल. वहिनींचे यजमान ही गोष्ट सांगून सांगून लोकांना हसवायचे. भाऊजीही हसायचे, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

रंग त्यांच्या हाती आले ते वहिनींमुळेच. मुलाची शाळा संपली तेव्हा वहिनींनी त्याचं कपाट आवरलं. रद्दीच्या गठ्ठ्यावर जलरंगांची जुनी डबी होती, वड्या झिजून मधे खड्डे पडलेले. भाऊजी दारात उभे होते.

“ही टाकताय?”

“तुम्हाला काय करायचीय?”

“काही नाही. यातली पांढरी वडी अजून कोरी आहे.”

ती वडी त्यांच्याकडेही कोरीच राहिली. पांढऱ्याला रंग लावायचाच नसतो, हे त्यांना पहिल्या काही चित्रांतच कळलं होतं. जिथं पांढरं हवं तिथला कागद आधीपासून सांभाळायचा, बाजूनं रंग न्यायचा, आणि एकदा का ओघळ तिथं शिरला की संपलं. पुसता येत नाही, झाकताही येत नाही.

काढायचे तरी काय? नळावर वाळत टाकलेलं फडकं. दोन दात गेलेला कंगवा. खुंटीवरची रिकामी पिशवी. वहिनींना आधी हे अगदीच कसंतरी वाटायचं.

“भाऊजी, जरा देवादिकांची काढा. फुलं काढा. गेलाबाजार नदी तरी काढा.”

“नदी माझ्यासमोर बसत नाही, वहिनी. कंगवा बसतो.”

पण त्यांनी साबणाच्या वडीचं चित्र काढलं तेव्हा वहिनींची बोलती बंद झाली. झिजून झिजून मधे पातळ झालेली, जवळजवळ आरपार दिसणारी वडी, कडेला एक भेग, आणि खाली ओलसर निळसर सावली. हे चित्र चाललं होतं तेवढे दिवस भाऊजींनी त्या वडीला हात लावला नव्हता आणि कपड्याच्या साबणानं आंघोळ केली होती. अंगभर पुरळ आलं. डॉक्टरांनी विचारलं, काय नवीन खाल्लंत? हे कुठल्या तोंडानं सांगणार?

वहिनी ते चित्र हातात धरून बराच वेळ बसल्या. त्या रोज सकाळी हात जोडताना म्हणायच्या, तू कणाकणात आहेस. म्हणताना डोळ्यांपुढे समुद्र यायचा, आभाळ यायचं. न्हाणीतली साबणाची वडी कधी आली नव्हती. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “सावली निळी काढलीत. सावली कुठं निळी असते?”

“घरी जाऊन बघा.”

घरी जाऊन बघितली. निळीच होती.

आणि त्याच वहिनींच्या हातून तो घोळ झाला. भाऊजींना जोराचा ताप भरला, इस्पितळात ठेवावं लागलं. वहिनींनी खोलीची किल्ली घेतली आणि, ज्याचं कुणी नाही त्याचं आपण नको का बघायला, असं म्हणत खोली आरशासारखी केली. टेबलावर एक चहाची किटली होती, बाहेरून काजळीनं काळीकुट्ट. असल्या भांड्यातला चहा पितो म्हणून हा माणूस आजारी पडतो, असं पुटपुटत त्यांनी ती घासली, घासली, बोटांची सालं निघेपर्यंत घासली. अशी लखलखली, की त्यात तोंड बघावं.

भाऊजी घरी आले. टेबलापाशी थांबले. फळीला चिकटवलेला कागद होता तिथंच होता. त्यावर किटलीची डावी बाजू पुरी झालेली, काळ्याचे नाना प्रकार, तांबूस, जांभळट, राखाडी. उजवीकडे नुसती पेन्सिलीची रेघ. वहिनींनी कागद बघितलाच नव्हता असं नाही. बघितला होता, पण चित्रातली किटली आणि समोरची किटली एकच, आणि ती अजून लागणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“छान लखलखतेय,” भाऊजी म्हणाले. बाकी ब्र नाही. वहिनी खुशीत घरी गेल्या.

पुढे केव्हातरी ते चित्र भिंतीवर लागलेलं त्यांनी पाहिलं. भाऊजींनी ते टाकलं नव्हतं, उरलेला भाग समोर होता तसा काढला होता. अर्धी किटली काळी, अर्धी लखलखीत. लखलखीत अर्ध्यात खोलीतली खिडकी वाकून उतरली होती, आणि खिडकीच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढा, एक माणूस बसला होता. मान खाली, हातात काडीसारखा कुंचला. भाऊजींनी आयुष्यात काढलेला हा एकुलता एक माणूस.

“हे तुम्ही?”

“दिसला, मग काढला. तुम्ही घासलीत म्हणून दिसला.”

त्या जरा ओशाळल्या, जरा रागावल्याही. “मला आधी सांगायचंत तरी, हात लावू नका म्हणून!”

“मला कुठं माहीत होतं कुणी येऊन घासेल?” भाऊजी म्हणाले. “माझ्याकडे कोण येतं?”

तर, त्या बंद दुकानाच्या पायरीवरून वहिनी उठल्या. झारी मागे पडली. रस्ता चढाचा लागला, तसं भाऊजींनी न विचारताच चाल कमी केली.

“मागच्या दोन खोल्यांचं काय झालं?” वहिनींनी विचारलं. “चांगल्या होत्या म्हणालात.”

“खोल्या चांगल्या होत्या. मी पसंत पडलो नाही.”

“म्हणजे?”

“एकट्या म्हाताऱ्याला देत नाहीत.”

“का? म्हातारी माणसं काय भिंती कुरतडतात?”

“मरतात, वहिनी.”

“तरणी नाही मरत?”

“मरतात. पण त्यांना न्यायला कुणीतरी येतं.”

आमच्याकडे या, असं एकदा वहिनींचा मुलगा म्हणाला होता, मनापासून म्हणाला होता. भाऊजींनी तेव्हा थट्टेवारी नेलं होतं, “तुमच्या टेबलावर कुठलीही वस्तू तासभर जागेवर राहत नाही रे. मी काढायचं काय, धावपळ?” खरं कारण भाऊजींनाही कळत होतं आणि वहिनींनाही. त्या घरात वहिनींच्याच वाट्याला एक कपाट आणि नातीच्या पलंगाची भिंतीकडची बाजू उरली होती. सगळे चांगले वागायचे. वेळेवर जेवायला हाक मारायचे. पण कधी कधी वहिनी भरल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि आपण इथं कशाला आलो होतो, तेच त्यांना आठवायचं नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

घर आलं. तिमजली, जुनं, पण नीट राखलेलं. घरमालकीण त्यांच्याच वयाची, खणखणीत आवाजाची. ती दोघांना वर घेऊन गेली. जिना चढताना वहिनींनी प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेतलं, काही भक्तीनं, काही गुडघ्यांमुळे.

खोली कधीकाळी कपडे वाळवायची असावी. छताला आकडे होते. आणि उत्तरेला एक खिडकी, वहिनींच्या उंचीची. समोर शाळेचं मैदान. “तिथं कुणी काही बांधायचं नाही,” घरमालकीण म्हणाली, “शाळेचंच आहे ते.” आत ऊन नव्हतं, आणि तरी कोपऱ्यातलं जळमटसुद्धा स्वच्छ दिसत होतं.

भाऊजींनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पांढरा कप काढला. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग हात टेकत टेकत जमिनीवर बसले, आणि डोळे कपाच्या पातळीला आणून बघत राहिले.

“हे काय करतायत?” घरमालकिणीनं हळूच विचारलं.

“उजेड बघतायत.”

“आणि नळाला पाणी येतं का, ते नाही बघायचं?”

“ते मी बघते,” म्हणत वहिनी मोरीकडे गेल्या. नळ सोडला, बंद केला, सांडपाण्याची जाळी पायानं दाबून बघितली. परत आल्या तरी भाऊजी तसेच बसलेले. पण पाठ बदलली होती. कितीतरी दिवसांत वहिनींनी ही पाठ पाहिली नव्हती. चित्र काढताना ती अशी असायची, थोडी पुढे वाकलेली, आणि काहीतरी ऐकत असल्यासारखी.

“पसंत आहे,” भाऊजी उठत म्हणाले. कपडे झटकायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरमालकीण जरा घुटमळली. “एकटेच राहणार?”

“हो.”

“मुलंबाळं?”

“नाहीत.”

“या तुमच्या कोण?”

“माझ्या वहिनी. सोबत आल्यात फक्त.”

ते ‘फक्त’ वहिनींना टोचलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपण मध्ये बोललो तर हा माणूस आणखी मिटेल, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

“हे बघा, मी स्पष्टच बोलते, राग मानू नका,” घरमालकीण म्हणाली. “आधीचे काका याच खोलीत गेले. भला माणूस. पण कुणाला बोलवायचं तेच मला कळेना. शेजारीपाजारी धरून मीच सगळं केलं, आणि नंतर कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही. कुणाचं असं होऊ नये हो. मला दुसरं काही नको तुमच्याकडून. एक नाव सांगून ठेवा. बोलावलं तर येईल, असं एक माणूस. मग खोली तुमची.”

तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली. “आलेच मी, दोघं बसा जरा,” असं म्हणून घरमालकीण जिना उतरली. बसायला खोलीत काहीच नव्हतं.

भाऊजींनी कप उचलला, रुमालात गुंडाळायला लागले. गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. वहिनी छताच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. आता खाली जाऊन हा माणूस ‘नाही’ म्हणेल, आभार मानेल, आणि आपल्या त्या अंधाऱ्या खोलीकडे चालायला लागेल, हे त्यांना ढळढळीत दिसत होतं. मागच्या दोन ठिकाणीही असंच झालं असणार. प्रश्न आला असणार, आणि हा असाच रुमालाशी चाळा करत उभा राहिला असणार. त्यांच्या घशाशी शब्द आले होते. पण मागितल्याशिवाय दिलं, तर तो ते दयेच्या खात्यात टाकेल आणि पुढच्या रविवारी दाराशी आणखी एक पाऊल मागे उभा राहील. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मनातल्या मनात म्हणाल्या, देवा, मी काही बोलणार नाही, तू याला बोलतं कर.

जिन्यावर परतीची पावलं वाजायला लागली.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले. तोंड खिडकीकडेच होतं. “दादा होता तेव्हा कुणी विचारलं की मी त्याचं नाव सांगायचो. त्याच्यानंतर सांगण्यासारखं माझ्याकडे नाव राहिलं नाही.”

पावलं वरच्या वळणाशी आली.

“या बाईंना तुमचं सांगू? नुसतं लिहायला नको मला. बोलावलं, तर हा एवढा जिना चढून याल?”